नंबर घ्यायचा, नंबर सोडायचा : बडोदा कार्यालयाच्या प्रकल्प नोंदी

प्रकल्प : आमच्या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीसाठी स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर जाळ्याची ओळख सांगणारा क्रमांक) आणि आयपी पत्ते मिळवणे. अपस्ट्रीमकडून (आम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीकडून) वापरायला घेतलेले पत्ते आणि जिचे ग्राहक विकत घेतले त्या फर्मचा जुना एएस नंबर परत करणे.

काळ : जुलै ते ऑक्टोबर २०२४.

नोंदींत खरे आकडे लिहिलेले नाहीत. उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आकडे वापरले आहेत : अपस्ट्रीमचे पत्ते १९८.५१.१००.०/२४ (/२४ म्हणजे २५६ पत्त्यांचा गठ्ठा, रेषेनंतरचा आकडा एकाने कमी झाला की गठ्ठा दुप्पट), जुना एएस ६४५००, नवा एएस ६५५४०. हे आकडे कोणालाच दिले जात नाहीत. त्यामुळे ही वही कोणाच्याही हाती पडली तरी बिघडत नाही.

२ जुलै, मंगळवार

आजची स्थिती अशी. रावपुऱ्यातल्या आमच्या खोलीतून निघणारी सगळी वाहतूक एकाच अपस्ट्रीमवर आहे. पत्ते त्यांचे, रूट त्यांचा, आमच्याकडे फक्त एक स्टॅटिक ओळ (सगळं त्यांच्याकडे पाठव, एवढीच). रस्ता खोदणाऱ्याने त्यांची फायबर तोडली की आम्ही ग्राहकांना “काम चालू आहे” एवढंच सांगू शकतो. आता दुसरा अपस्ट्रीम अहमदाबादहून वेगळ्या मार्गाने येतोय. दोन्हीकडून एकच पत्ते जगाला दाखवायचे तर बीजीपी (जाळ्यांनी एकमेकांना वाटा सांगायची भाषा) लागतो आणि बीजीपी बोलायला एएस नंबर लागतो.

शेठचा पहिला प्रश्न : वाघोडिया रोडवरची केबल फर्म घेतली तिच्याकडे एक एएस आहे ना, मग नवा कशाला?

प्रश्न रास्त आहे. पण आपण त्या फर्मचे ग्राहक आणि केबल विकत घेतली, फर्म नाही. भागीदारी फर्म कागदावर अजून उभी आहे आणि ६४५०० तिच्या नावावर आहे. कंपन्या कायदेशीर विलीन झाल्या की रजिस्ट्री (हे नंबर वाटणारी संस्था) नंबर नव्या नावावर करून देते, पण त्याला विलीनीकरणाचे कागद लागतात. आपल्याकडे आहे ते विक्रीपत्र. सीए साहेबांनी मान हलवली, म्हणजे नाहीच.

ठरलं असं. नवा नंबर आपल्या नावाने घ्यायचा, जुना रीतसर परत करायचा, आणि अपस्ट्रीमचा /२४ रिकामा करून त्यांचा त्यांना द्यायचा. पहिल्या कामाला सगळ्यांचा उत्साह आहे. उरलेल्या दोन कामांना माझ्याखेरीज कोणी वाली दिसत नाही.

नव्या इंजिनिअर मुलीला आरएफसी १९३० (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) वाचायला दिलं. १९९६ चं आहे, पण एएस कोणाला हवा आणि कोणाला नको हे इतकं सरळ नंतर फारसं कोणी लिहिलेलं नाही. एकाच अपस्ट्रीमला लटकलेल्या जाळ्याला स्वतःच्या एएसची गरज नसते. बाहेरच्यांपेक्षा आपलं रूटिंगचं धोरण वेगळं असेल तरच तो घ्यावा. आपण आजपर्यंत पहिल्या गटात होतो, आता दुसऱ्यात जाऊ.

५ जुलै, शुक्रवार

भारतात हे नंबर आयरिन देते. दिल्लीच्या निक्सी या संस्थेखालची राष्ट्रीय रजिस्ट्री, २०१२ पासूनची. तिच्या वर ब्रिस्बेनची एपनिक (आशिया-पॅसिफिकची रजिस्ट्री) आणि सगळ्यांच्या वर आयाना (जगभरच्या नंबरांचा मूळ साठा सांभाळणारी). वाघोडियावाल्यांनी त्यांचा नंबर आयरिन यायच्या आधी थेट एपनिककडून घेतला होता. म्हणजे आपल्याला घ्यायचा दिल्लीकडून आणि परत करायचा ब्रिस्बेनला.

आज बैठक झाली ती “पत्ते किती मागायचे” यावर. शेठ म्हणाले, ग्राहक दहा हजार झाले तर दहा हजार मागा. त्यांना इतिहास सांगावा लागला. आयानाने आयपीव्ही४ चे (जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचे) शेवटचे पाच मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला पाच विभागीय रजिस्ट्र्यांना वाटले आणि हात झटकले. त्याच वर्षी १५ एप्रिलला एपनिक शेवटच्या गठ्ठ्यावर, म्हणजे १०३ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर आली. तेव्हापासून एका सभासदाला जास्तीत जास्त /२२, आणि २०१९ पासून तेही निम्मं करून /२३. म्हणजे ५१२ पत्ते. ग्राहक दहा हजार असोत की दहा लाख, नव्याला पंगतीत एवढंच वाढतात.

मग हिशोब. ५१२ पैकी २५६ पत्ते सीजीनॅटला (एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देणाऱ्या यंत्रणेला). एका पत्त्यावर १०२४ पासून ६५५३५ पर्यंत ६४,५१२ पोर्ट (पत्त्यामागची क्रमांक घातलेली दारं). प्रत्येक ग्राहकाला १,००८ पोर्टांचा ठरलेला तुकडा दिला की एका पत्त्यामागे बरोबर ६४ ग्राहक बसतात, २५६ पत्त्यांमागे १६,३८४. पुरतं.

तुकडा ठरलेला ठेवण्याचं दुसरं कारण पोलिसांचं पत्र. अमुक पत्ता, अमुक पोर्ट, अमुक वेळ, हा ग्राहक कोण? डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याप्रमाणे या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. पोर्ट मनमानी वाटले तर प्रत्येक जोडणीची ओळ साठवायची, डिस्कवर डिस्क भरायच्या. ठरलेले तुकडे असतील तर ग्राहक गणितानेच निघतो.

आयपीव्ही६ चा (नव्या, खूप लांब पत्त्यांच्या पद्धतीचा) /३२ सोबतच मागतोय. प्रत्येक घराला /५६ दिला तरी १,६७,७७,२१६ घरं बसतात. अख्ख्या गुजरातला पुरून उरेल. यावर शेठ खूश झाले, जणू फुकटात प्लॉट मिळाला.

११ जुलै, गुरुवार

अर्ज गेला. परवान्याची प्रत, पॅन, जीएसटी, कंपनीचं प्रमाणपत्र, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र, जाळ्याची आकृती, दोन्ही अपस्ट्रीमची नावं, पत्ते कुठे किती लागतील त्याचा तक्ता.

दोन दिवसांत रजिस्ट्रीकडून प्रश्न आले, आणि प्रश्न चांगले होते. दुसरा अपस्ट्रीम प्रत्यक्ष कधी जोडणार, त्याचं पत्र आहे का? जीएसटीवर रावपुरा आणि परवान्यावर अलकापुरी असे दोन पत्ते का? पहिल्याला अहमदाबादच्या कंपनीचं पत्र जोडलं. दुसऱ्याला नोंदणीकृत कार्यालय आणि कामाची जागा वेगळी असल्याचा कागद.

आकृतीबद्दल एक निरीक्षण. आधीच्या सल्लागाराने काढलेली आकृती फार सुंदर होती. ढग, रंगीत बाण, सगळं. मी ती बाजूला ठेवली आणि साधी काढली : दोन राउटर, दोन अपस्ट्रीम, मध्ये एक दुवा, प्रत्येक खोक्याखाली किती पत्ते. तपासणाऱ्याला ढग नको असतो, त्याला आकड्यांची बेरीज जुळलेली हवी असते.

१७ जुलै, बुधवार (आषाढी)

उपासाचा दिवस. संध्याकाळी दांडिया बाजारात काकांकडे गेलो. टेलिकॉम खात्यातून निवृत्त, आमच्या कंपनीचे बिनपगारी सल्लागार. साबुदाण्याची खिचडी समोर ठेवली आणि माझ्या अर्जाची फाइल चाळत म्हणाले, “हे सगळं आम्ही चौदा आकड्यांत करत होतो रे.”

मग माळ्यावरून एक फाइल निघाली. नव्वदच्या दशकातली. मकरपुऱ्याच्या एका कारखान्याची आयनेटची (टेलिकॉम खात्याच्या डेटा जाळ्याची) जोडणी, सेकंदाला ९,६०० बिट. बिलावर जोडणीचा क्रमांक छापलेला, सुरुवात ४०४३ ने.

काकांनी तो फोडून दाखवला. एक्स.१२१ या आंतरराष्ट्रीय योजनेत डेटा जाळ्याचा पत्ता जास्तीत जास्त चौदा आकडी. पहिले चार आकडे जाळ्याची ओळख. त्यातला पहिला आकडा जगाचा विभाग, २ म्हणजे युरोप, ३ उत्तर अमेरिका, ४ आशियाचा मोठा भाग. पहिले तीन मिळून देश, भारताचे ४०४. चौथा आकडा त्या देशातलं जाळं. व्हीएसएनएलचं आंतरराष्ट्रीय गेटवे ४०४२, खात्याचं आयनेट ४०४३, आणि दूरच्या भागांसाठीचं उपग्रहावरचं आरएबीएमएन ४०४१. उरलेले दहा आकडे त्या जाळ्याने आपल्या ग्राहकांना वाटायचे.

मला यातली रचना आवडली. देशाचे तीन आकडे जिनिव्हाची आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) देते, चौथा देशाने स्वतः द्यायचा आणि दिला की, काढून घेतला की, आयटीयूला कळवायचं. ती यादी छापते, बाकीचे देश आपापल्या स्विचमध्ये भरतात. एका देश-कोडाखाली दहाच जाळी मावतात. अमेरिकेत जाळी भाराभर झाली म्हणून तिला ३१० पासून ३१६ पर्यंत सात कोड लागले. आपल्याला एकच पुरला.

“आणि जाळं बंद झालं की?” मी विचारलं.

“की अर्ज करून नंबर सोडायचा. पण सोडतो कोण? स्विच विकून टाकतात, माणसं बदल्यांवर जातात, आणि यादीत नंबर तसाच. दुसऱ्या देशाच्या स्विचमध्ये तर त्याहून जास्त दिवस.”

मोबाइलच्या सिममध्ये लपलेला जो पंधरा आकडी क्रमांक असतो त्याचीही सुरुवात भारतात ४०४ किंवा ४०५ ने होते. योजना वेगळी, ई.२१२, पण भारताचा ४०४ तोच. डेटाच्या त्या जुन्या जाळ्याचं नावही आता कोणाला माहीत नाही आणि ४०४ मात्र प्रत्येकाच्या खिशात आहे.

काकांचं वाक्य वहीत लिहून ठेवतोय, कारण पुढचा अर्धा प्रकल्प त्यावरच चालणार : नंबर आपल्या वहीतून खोडणं सोपं, दुसऱ्यांच्या वहीतून खोडणं अवघड.

२९ जुलै, सोमवार

फी भरली, करार झाला, आज नंबर आले. एएस ६५५४०, एक /२३, एक /३२. शेठने पेढे मागवले.

लगेच करायची कामं : रजिस्ट्रीत संपर्क म्हणून कोणा एकाचा खासगी ईमेल न देता भूमिकेचा ईमेल दिला. तक्रारींचा पत्ता वेगळा, तो रोज उघडला जाईल हे बघायचं. रूट ऑब्जेक्ट (कोणता एएस कोणते पत्ते जाहीर करतो याची नोंद), उलट डीएनएस (पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद), आणि आरओए.

आरओएवरून अहमदाबादच्या अपस्ट्रीमच्या इंजिनिअरशी थोडी जुंपली. आरओए म्हणजे “हे पत्ते फक्त हा एएस जाहीर करेल” असं सही केलेलं पत्र. त्यात जास्तीत जास्त लांबीचा (रेषेनंतरच्या आकड्याचा) एक आकडा असतो. आपण जाहीर करणार फक्त /२३. ते म्हणाले, “२४ लिही ने भाई, पुढे तुकडे करायला सोय.” मी २३ च लिहिलं. आपण /२४ जाहीर करत नाही आणि आरओए मात्र /२४ ला परवानगी देतो, असं असेल तर कोणीही आमचा एएस नंबर चिकटवून /२४ जाहीर करील आणि तपासणीत तो खरा ठरेल. लांब प्रिफिक्स (रेषेनंतरचा आकडा मोठा, म्हणजे लहान आणि जास्त नेमका गठ्ठा) जिंकतो हा इंटरनेटचा नियम आहे. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब बंद करायला यूट्यूबच्याच /२२ मधला एक /२४ जाहीर केला. तो बाहेर निसटला आणि सुमारे दोन तास जगभरचं यूट्यूब तिकडे ओढलं गेलं. आरएफसी ९३१९ मध्येही हाच सल्ला आहे : जे जाहीर करता तेवढ्यालाच परवानगी द्या. कधी /२४ लागले तर तेव्हा आरओए बदलू, त्याला काही मुहूर्त लागत नाही.

त्याच बैठकीत दुसरा आरओए ठरला, तात्पुरता. वाघोडिया रोडचे ग्राहक जुन्या राउटरवर आहेत आणि तो ६४५०० बोलतो. स्थलांतर होईपर्यंत नव्या /२३ ला ६४५०० कडूनही जाहीर करायची परवानगी द्यावी लागेल. दिली. वहीच्या मागच्या पानावर लाल पेनने लिहिलं : काढायचा.

९ ऑगस्ट, शुक्रवार

दोन्ही अपस्ट्रीमशी बीजीपीची सेशन उभी राहिली. बाहेरच्या लुकिंग ग्लासवर (दुसऱ्यांच्या राउटरमधून आपल्या वाटा बघायच्या सोयीवर) /२३ दोन्ही वाटांनी दिसतोय, आरओए तपासणीत व्हॅलिड. एक वाट मुद्दाम तोडून पाहिली, वाहतूक दुसरीवर गेली, कंट्रोल रूममधल्या कोणालाही कळलं नाही. हेच हवं होतं.

दोन दिवसांनी तक्रार : काही ग्राहकांना व्हिडिओ ॲप म्हणतं तुम्ही भारतात नाही. पत्त्यांच्या भूगोलाच्या याद्या खासगी कंपन्या ठेवतात आणि त्या आपल्या गतीने बदलतात. आरएफसी ८८०५ प्रमाणे जिओफीडची (कोणते पत्ते कुठल्या गावचे त्याची) फाइल बनवून ठेवली, बडोद्याचं नाव घातलं, दोन-तीन कंपन्यांना कळवलं. बाकी वाट पाहणं.

२० ऑगस्ट, मंगळवार

आता परत करायची बाजू. १९८.५१.१००.०/२४ रिकामा करायचा.

आमच्या राउटरमधले पत्ते बदलायला एक रात्र पुरते. पण गेल्या काही वर्षांत हे पत्ते कोणाकोणाच्या वहीत गेले? भाड्याची खोली सोडताना कुलूप लावणं शेवटचं, आधी बँक, गॅस, शाळा, सगळीकडचा पत्ता बदलावा लागतो, तसं. स्टॅटिक (कायम ठरलेल्या) पत्त्याच्या ग्राहकांना नव्या मुलीने फोन सुरू केले आणि यादी वाढतच गेली.

सहकारी बँकेची शाखा : त्यांच्या मुख्य कार्यालयाच्या फायरवॉलमध्ये आमचा जुना पत्ता. व्हीपीएनच्या दुसऱ्या टोकालाही तोच.

पॅथॉलॉजी लॅब : रिपोर्ट बाहेरगावच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर जातात, तिथे परवानगीच्या यादीत आमचा जुना पत्ता.

व्यापारी पेढी : स्वतःचा मेल सर्व्हर. एसपीएफ नोंदीत (मेल कोणत्या पत्त्यावरून यावा ते सांगणाऱ्या) जुना पत्ता, आणि उलट डीएनएस अपस्ट्रीमकडे.

शाळा : सीसीटीव्हीचा डीव्हीआर, आणि ट्रस्टींच्या मोबाइलमधल्या ॲपमध्ये पत्ता हाताने टाकलेला. ट्रस्टी अकरा. प्रत्येकाचा फोन हातात घेऊन बदलायला लागणार. नवी मुलगी म्हणाली, “सर, यांना नावाने डीएनएस करून देते, पुढच्या वेळी कोणाचा फोन मागायला नको.” करून दिलं.

या सगळ्यांत लॅबचं अवघड. पत्ता बदलायला तिकिट काढा, तिकिटावर तुमच्या ग्राहकाची सही आणा, ग्राहकाने त्यांच्या ग्राहकसेवेला लिहावं, असा रहाट.

२८ ऑगस्ट, बुधवार

जन्माष्टमीपासून पाऊस. विश्वामित्री नदीने शहर घेतलंय. सयाजीगंजचा पॉप (ग्राहकांच्या जोडण्या जिथे येतात ती खोली) पाण्यात, बॅटरी काढून वर नेल्या. गोत्रीचा जनरेटरवर. स्थलांतर थांबवलं. आज फक्त जी वाट चालू आहे ती चालू ठेवायची.

एक नोंद मात्र करायलाच हवी : जुन्या अपस्ट्रीमची फायबर सकाळी गेली ती दिवसभर आली नाही. अहमदाबादची वाट टिकली. नव्या पत्त्यांवर आलेले भाग चालू राहिले, १९८.५१.१००.० वर राहिलेले बंद. शेठना आज कोणी बीजीपी समजावून सांगितला नाही, त्यांनी स्वतःच विचारलं, “बाकीचे केव्हा हलवताय?”

१० सप्टेंबर, मंगळवार

गाळ निघाला, गणपती बसले. दांडिया बाजारातल्या एका मंडळाला आरतीच्या थेट प्रक्षेपणासाठी जोडणी हवी होती, त्यांना पहिल्यापासून नव्याच पत्त्यावर बसवलं.

स्टॅटिक ग्राहकांपैकी लॅब सोडून सगळे हलले. जुना /२४ लगेच बंद केला नाही. राउटरवर फ्लोची (कोण कोणाशी बोललं याची) नोंद चालू ठेवून बघतोय, रिकाम्या पत्त्यांवर बाहेरून कोण येतंय. जगभरचे स्कॅनर तर येतातच, त्यांना वगळलं. उरलेल्यांत एक ठिपका रोज रात्री ठरावीक वेळी : बँकेच्या मुख्य कार्यालयाच्या मॉनिटरिंगचा पिंग. फायरवॉल बदलली, मॉनिटरिंग विसरले. आणि शाळेच्या एका ट्रस्टींचा फोन, ते महिनाभर अमेरिकेत मुलाकडे आहेत.

फोनवर विचारून मिळणारी यादी आणि पॅकेट सांगतात ती यादी यांत फरक असतो. मी दुसरीवर जास्त विश्वास ठेवतो.

१९ सप्टेंबर, गुरुवार

लॅब हलली. जुना /२४ अपस्ट्रीमला परत.

त्यांचा विक्रीचा माणूस म्हणाला, राहू द्या ना, काय अडतंय. अडतं. एक, बिलात आयपीची ओळ वेगळी आहे आणि ती लेखी सांगितल्याशिवाय कधीच थांबत नाही. दोन, रजिस्ट्रीच्या नोंदीत त्या /२४ खाली वापरणारा म्हणून आमचं नाव आहे. उद्या ते पत्ते दुसऱ्याला दिले आणि त्याने उद्योग केले तर पोलिसांचं पत्र आमच्या दारात.

म्हणून पत्रात चार गोष्टी लेखी मागितल्या : परत मिळाल्याची तारीख आणि वेळ, हूइजमधून (रजिस्ट्रीच्या त्याच नोंदीतून) आमचं नाव काढल्याची खात्री, उलट डीएनएसच्या नोंदी पुसल्याची खात्री, आणि चौथी, जी त्यांना आधी समजली नाही : या /२४ साठी ६४५०० ला दिलेला आरओए रद्द करणं.

हा आरओए वाघोडियावाल्यांच्या काळातला. ते याच अपस्ट्रीमचे ग्राहक होते आणि हा /२४ आधी त्यांच्याकडे होता, त्यांच्या एएसकडून जाहीर व्हायचा. पत्ते अपस्ट्रीमचे, म्हणून आरओए अपस्ट्रीमने काढलेला. आता ६४५०० परत गेला आणि पुढे रजिस्ट्रीने तो कोणा तिसऱ्याला दिला, तर त्या तिसऱ्याला अपस्ट्रीमचे पत्ते जाहीर करायचं सही-शिक्क्याचं पत्र आयतं मिळेल. त्यात नुकसान अपस्ट्रीमचंच, तरी फोन मलाच लावत बसावं लागलं. शेवटी त्यांच्या कोअर टीममधल्या एकाने ऐकलं आणि पाच मिनिटांत काढून टाकला.

परत दिल्याची वेळ सीजीनॅटच्या नोंदींच्या शेजारी फाइल केली. दोन वर्षं जपायची. त्या वेळेच्या आधीचं उत्तर आमचं, नंतरचं त्यांचं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

६४५००. लेखा विभागाचा प्रस्ताव : परत वगैरे करायच्या भानगडीत पडू नका, वार्षिक फी भरू नका, खातं आपोआप बंद होईल.

होईल खरं. पण तोवर काय? रजिस्ट्रीतला संपर्क ईमेल वाघोडियावाल्यांच्या जुन्या डोमेनवर आहे. डोमेनची मुदत पुढच्या महिन्यात संपते. ती संपू दिली की कोणीही ते नाव विकत घेऊन त्याच ईमेलवर पासवर्ड मागवू शकतो. बेवारस नंबर पळवायची ही जुनी, सिद्ध झालेली वाट आहे. म्हणून पहिलं काम, परत करायच्या नंबरासाठी डोमेनला एक वर्ष मुदतवाढ. लेखा विभागाला हे पटलं नाही, पण रक्कम इतकी लहान होती की भांडण पुढे गेलं नाही.

शेठची वेगळीच ओढ. “जुना नंबर छे, राखो ने.” जुन्या सोळा बिटांच्या (६५,५३५ पर्यंतच्या) नंबरांना खरंच एक सोय होती. १९९६ च्या बीजीपी कम्युनिटीत (रूटला लावायच्या खुणेत) एएससाठी सोळाच बिट आहेत, बत्तीस बिटांचा नंबर त्यात मावत नाही. पण २०१७ ला आरएफसी ८०९२ ने मोठ्या कम्युनिटी आणल्या आणि आमचे दोन्ही अपस्ट्रीम त्या घेतात. राहिला प्रश्न ऐटीचा. नंबर मालकीचा नसतो, वापरण्यापुरता दिलेला असतो, कारण संपलं की परत करायचा. एपनिकच्या धोरणात हे स्पष्ट आहे.

खात्यावर अधिकार असलेले फर्मचे ज्येष्ठ भागीदार, वयस्कर गृहस्थ, समाजात सगळे त्यांना दादा म्हणतात. घरी गेलो. चष्मा शोधून त्यांनी पत्र दोनदा वाचलं, मग विचारलं, “याने माझ्या फर्मचं काही वाईट नाव होणार नाही ना?” उलट, ठेवून दिला तर होईल, असं म्हटलं. सही केली. चहा आणि लिलो चिवडा झाल्याशिवाय सोडलं नाही.

रात्री नव्या मुलीबरोबर झाडलोट. क्रम महत्त्वाचा. आधी जुन्या राउटरवरून पत्ते जाहीर करणं बंद. नव्या /२३ वरचा तात्पुरता आरओए रद्द (लाल पेनची ओळ खोडली). मग ६४५०० चे रूट ऑब्जेक्ट. अपस्ट्रीमच्या एएस-सेटमधून (त्यांच्या ग्राहक एएसच्या यादीतून) नाव. अहमदाबादच्या एक्स्चेंजवरच्या (जाळी एकमेकांना जोडतात त्या जागेवरच्या) पोर्टचं सेशन. पीअरिंग डेटाबेसमधली (कोणतं जाळं कुठे जोडलंय त्या सार्वजनिक यादीतली) नोंद. आणि जुना राउटर बंद करून त्यातलं कॉन्फिगरेशन पुसलं, नाहीतर भंगारात विकलेला राउटर कोणी जोडला की तो पुन्हा ६४५०० म्हणून हाका मारणार. रूटच्या सार्वजनिक इतिहासात नंबर दिसेनासा झाला, तेव्हा कुठे विनंती पाठवली.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

नवरात्रभर दम घ्यायला वेळ नव्हता. गरब्याच्या मैदानांवर थेट प्रक्षेपण, मध्यरात्रीपर्यंत वाहतूक चढलेली. /२३ ने ताण सोसला, पोर्टांचे तुकडे कोणालाही कमी पडले नाहीत.

ब्रिस्बेनहून उत्तर आलंय, नंबर परत घेतला. एपनिक रोज एक मजकुराची फाइल प्रसिद्ध करते, कोणते आकडे दिलेले, कोणते मोकळे, कोणते राखीव. त्यात कालपर्यंत ६४५०० च्या ओळीवर देशाचा कोड आणि “अलोकेटेड” होतं. आज “रिझर्व्ह्ड”. परत आलेला नंबर लगेच दुसऱ्याला देत नाहीत, काही काळ बाजूला ठेवतात, ते बरंच आहे. काकांना ओळ पाठवली. त्यांचं उत्तर : “आमच्या वेळी हे कळायला छापील बुलेटिनची वाट पाहायचो.”

शिल्लक कामं : डोमेनवरचा मेल आणखी वर्षभर वाचत राहणं, आठवड्यातून एकदा, काम नव्या मुलीकडे. व्हिडिओ ॲपच्या भूगोलाच्या दोन तक्रारी उघड्या. बँकेचा रात्रीचा पिंग अजून १९८.५१.१००.० कडेच जातोय. आता ते पत्ते आमचे नाहीत, म्हणून त्यांच्या मुख्य कार्यालयाला लेखी कळवलं. मकरपुऱ्यात आयपीव्ही६ पुढच्या सोमवारपासून, आधी आमच्याच ऑफिसवर.

आयरिनच्या नूतनीकरणाची तारीख लेखा विभागाच्या आणि माझ्या, दोन्ही कॅलेंडरांत टाकली.